चहाचे किती?

केनियातल्या नैरोबीहून नागपूरला परत आल्यापासून हा प्रश्न मला कुठेही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, अंबाझरीला फिरताना, एकदा तर बँकेच्या रांगेत. "काहो ताई, तिकडे पोलीस रस्त्यात अडवून पैसे मागतात म्हणे, खरं का?" आणि लगेच पुढचा, "आपल्यापेक्षाही जास्त?" मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा आला. त्याला तिथली नोकरी मिळाली आहे. तो म्हणाला, "काकू, महिन्याला पोलिसांचे म्हणून किती बाजूला ठेवू?" त्याला काय सांगितलं ते इथे लिहिते. त्याला न सांगितलेलंही थोडं लिहिते.

हो, मागतात. आणि मी दिले आहेत.

२०११ ते २०१८ मी तिथे एका बांधकाम कंपनीचे हिशेब बघत होते. पहिल्याच महिन्यात एका चौकात माझी गाडी अडवली गेली. काचेवरचं विम्याचं स्टिकर चार दिवसांपूर्वी संपलं होतं, म्हणजे चूक माझीच होती. पोलीस डावीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, चला ठाण्यात. पण गाडी हलली नाही. त्याने ऊन किती आहे ते सांगितलं, मुलांच्या शाळेच्या फीचं सांगितलं, मग हळूच स्वाहिलीत विचारलं, "सासा तुफान्येजे?" आता कसं करायचं? आपल्याकडे "मग काय करायचं सांगा" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. मी हजार शिलिंगांची नोट दिली, तेव्हाचे साधारण पाचशे रुपये. ऑफिसात आल्यावर आमचा ड्रायव्हर डोक्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, दोनशेत झालं असतं." मुहिंदी म्हणजे भारतीय माणूस, तो घाईत असतो आणि घासाघीस करत नाही, हे त्या चौकाला पाठ होतं. भाव आमच्यासारख्यांनीच चढवला होता.

तिथे लाचेला कुणी लाच म्हणत नाही. 'चाय' म्हणतात, नाहीतर 'कितु किडोगो', म्हणजे थोडंसं काहीतरी. मटाटू नावाच्या चौदा सीटच्या गाड्या शहरभर धावतात. त्यांचा कंडक्टर घडी घातलेली नोट हातात हात मिळवल्यासारखी देऊन पुढे निघतो, गाडी नीट थांबतही नाही. आपण चहापाणी म्हणतो. शब्दही एकच निघाला, याचं मला पहिले काही दिवस फार नवल वाटायचं.

हे चालतं कशावर, ते सांगते. तेव्हा तिथे साध्या चुकीचीही पावती रस्त्यावर फाडली जात नसे. ठाण्यात जा, जामिनाची रक्कम रोख भरा, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहा. पोलीस तुम्हाला विकायचा तो तुमचाच दिवस. नागपुरात हल्ली चौकातला पोलीस मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकतो आणि चलान मोबाईलवर येतं, तेव्हा निदान त्या दोन मिनिटांत बोलायलाच काही उरत नाही. माणसं तीच असली तरी रीत बदलली की हात आखडतो, असं मला वाटतं. शिवाय तिथल्या शिपायाची अवस्थाही बघितलेली आहे. २००९ मध्ये न्यायमूर्ती रॅन्सली यांच्या समितीने पोलीस सुधारणांचा अहवाल दिला, त्यात त्यांच्या घरांच्या दुर्दशेचा विषय होता. एकाच खोलीत मध्ये पडदा लावून दोन कुटुंबं राहायची. म्हणून मागणं बरोबर ठरत नाही. पण आमच्या पार्ट्यांमध्ये "ही माणसंच तशी" म्हणायचे, ते मला कधी पटलं नाही.

माझ्या वहीत या पैशाला नाव होतं, 'रस्ता खर्च'. साइटवर सिमेंट-गिट्टी नेणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर रोज चिठ्ठ्या आणायचे. पावती नाही, नुसता आकडा. मी सही करायची. दोन वर्षं केली. मग डिसेंबर २०१३ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांची जाहीर पडताळणी सुरू झाली. अधिकारी समितीसमोर बसायचे आणि त्यांना मालमत्तेचे, बँक खात्यांचे, एम-पेसाचे हिशेब विचारले जायचे. एम-पेसा म्हणजे २००७ पासून तिथे घरोघरी पोचलेली मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय. पुढे वाहतूक शाखेची पाळी आली तेव्हा खालच्यांच्या फोनवरून वरच्यांच्या फोनवर नेमाने जाणाऱ्या रकमा बाहेर आल्या. मी हिशेबाची बाई. ते ऐकताना मला माझीच वही दिसली. माझ्या सहीची चिठ्ठी चौकात संपत नव्हती, ती जिना चढून वर जात होती.

तरी चिठ्ठ्यांवर सही करणं त्यामुळे थांबलं नाही. थांबलं ते घरी काम करणाऱ्या बाईमुळे. एका शुक्रवारी रात्री तिच्या भावाला उचललं. गुन्हा काय, तर रस्त्यावर उगाच फिरत होता. शुक्रवारी उचललं की कोर्ट सोमवारी, मधले दोन दिवस कोठडीत. सुटकेचे पाच हजार मागितले. तिचा महिन्याचा पगार बारा हजार. ती पुढच्या महिन्याचा पगार मागायला माझ्या दारात उभी राहिली, आणि माझा तो हजार शिलिंगांचा किस्सा, जो मी फोनवरून नागपूरला किती जणांना रंगवून सांगितला होता, त्याची मला लाज वाटली. २०१४ च्या एप्रिलमध्ये नैरोबीच्या ईस्टली भागात सोमाली लोकांची धरपकड झाली, हजारोंना कासारानीच्या स्टेडियममध्ये नेलं. पैसे देऊन सुटल्याच्या तक्रारी मानवाधिकार संघटनांनी नोंदवल्या आहेत. त्यांतले अनेकजण परदेशी रहिवासीच होते. "परदेशी लोकांना तिथे काय अनुभव येतो" असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे मी असते. ते नसतात.

त्यानंतर मी चिठ्ठ्यांवर सही करणार नाही असं साहेबांना सांगितलं. सही दुसऱ्याकडे गेली, खर्च तसाच राहिला. माझ्या गाडीपुरतं मात्र मी देणं बंद केलं. पुन्हा अडवलं तेव्हा म्हटलं, चला ठाण्यात. तो थबकला. मग गेलो. अडीच तास बाकावर बसले, जामिनाची पावती घेतली, दुसऱ्या दिवशी कोर्टात दंड भरला. माझा एक दिवस गेला, आणि तो घालवणं मला परवडणारं होतं. रोजंदारीच्या माणसाला "देऊ नकोस" म्हणायची माझी हिंमत होत नाही.

शेजारच्या मुलाला मी एवढंच सांगितलं की पोलिसांचे म्हणून काही बाजूला ठेवू नको. बाजूला काढलेले पैसे जातातच. विम्याचं स्टिकर आणि लायसन्स बघत जा, गाडीत धोक्याचे त्रिकोण ठेव, आणि घाईच्या दिवशी गाडी चालवू नको. तिथे २०१६ च्या कायद्याने देणाराही गुन्हेगार आहे. आपल्याकडेही २०१८ च्या दुरुस्तीनंतर तसंच आहे, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. इथे लाचलुचपत खात्याचा १०६४ हा नंबर आहे, तो मात्र मी प्रत्येकाला पाठ करायला लावते.

"आपल्यापेक्षा जास्त?" याचं उत्तर त्याला दिलं नाही. ते असं आहे.

२०१९ मध्ये आमची वरची खोली मी टांझानियाच्या एका विद्यार्थ्याला दिली. त्याच्याशी स्वाहिलीत बोलता येईल, हाच माझा लोभ. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, पोलिसांचे किती द्यायचे?" (स्वाहिलीत आईला, मोठ्या बाईला मामा म्हणतात.) परदेशी माणसाला इथे आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागायची, आणि एका एजंटाने त्याला सांगितलं होतं की पोलिसांचे दोन हजार वेगळे. मी म्हटलं, काही द्यायचे नाहीत, मी आहे.

पत्त्याची पडताळणी करायला हवालदार घरी आले. मी चहा टाकला, खराखुरा, आलं घालून. तो पोरगा भिंतीला टेकून त्या कपाकडे बघत उभा होता. हवालदारांनी कागद पाहिले, मग विचारलं, "साहेब कोणत्या खात्यात होते?" मी यजमानांचं खातं आणि हुद्दा सांगितला. "असं का जी," म्हणाले, सही केली, चहा चांगला झाला म्हणाले आणि गेले. एक पैसा मागितला नाही.

दार लावल्यावर त्याने विचारलं, "साहेबांचं सांगितलं नसतं तर?"

नैरोबीत माझ्या मागे कुठलं खातं नव्हतं, कुणाचा हुद्दा नव्हता, फोन लावायला कुणी भाऊजी नव्हते. म्हणून तिथली लाच मला नोटेसारखी उघडी दिसली. इथे मी आयुष्यभर ओळखीवर सुटत आले, आणि त्याला मी कधी काही दिलं असं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पडताळणी आली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. दार त्यानेच उघडलं. दुसरेच हवालदार होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातला कागद पाहिला आणि विचारलं, "घरमालक कुठे आहेत?"

मी हात पुसत बाहेर आले.