ला ग्रान्हा: पंपाशिवाय उसळणारं पाणी

स्पेनमधल्या सेगोव्हियाला येणारे बहुतेक प्रवासी रोमन जलवाहिनी बघतात आणि माद्रिदला परततात. थोडा वेळ काढा आणि ला ग्रान्हा दे सान इल्देफोन्सोला जाच. सेगोव्हियाहून अंतर जेमतेम ११ किलोमीटर, बस मिळते. ग्वादारामा डोंगराच्या कुशीतलं, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं हे गाव. माद्रिद भाजून निघत असताना इथं संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. राजघराणं उन्हाळ्यात इथं का येत असे, ते लगेच कळतं.

राजवाडा स्पेनचा राजा पाचव्या फिलिपचा. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा हा नातू व्हर्सायच्या राजवाड्यातच जन्मला आणि वाढला. १७२१ मध्ये त्यानं इथं बांधकाम सुरू केलं. १७२४ मध्ये गादी मुलाला देऊन तो इथं राहायला आला. पण मुलगा त्याच वर्षी देवीच्या आजारानं गेला आणि बापाला पुन्हा राज्य हाती घ्यावं लागलं. फिलिपची कबरही इथल्याच चर्चमध्ये आहे. दालनं, झुंबरं, गालिचे सुंदर आहेत, पण त्यांत फार वेळ घालवू नका. खरं वैभव बागेत आहे.

आम्ही २५ ऑगस्टला, सान लुईसच्या सणाला गेलो होतो. वर्षातल्या ज्या मोजक्या दिवशी सगळी कारंजी सोडतात, त्यातला हा एक. एकेक कारंजं सुरू होतं, तशी गर्दी पुढच्याकडे धावते. लातोना देवीच्या कारंज्यात माणसांचे बेडूक होताना दाखवलेत; कुणाचं अंग अजून माणसाचं, तोंड मात्र बेडकाचं, आणि त्या वासलेल्या तोंडातून पाण्याची धार. पुतळे शिशाचे, पण रंग असा की ब्राँझच वाटावं. कीर्तीची देवता ‘फामा’ हिच्या तुतारीतून पाणी चाळीस मीटरच्याही वर गेलं, वारा फिरला आणि आम्ही सगळे चिंब भिजलो. पोरं तर मुद्दाम पुढं जाऊन उभी होती.

या सगळ्याला एकही पंप लागत नाही. बागेच्या वरच्या अंगाला ‘एल मार’ नावाचा तलाव आहे. डोंगरातलं पाणी तिथं साठतं आणि उतारानं, अठराव्या शतकातल्या बिडाच्या नळांतून जोरात खाली येतं. तीनशे वर्षांपूर्वीचं ते गणित आजही चुकत नाही. मला तरी राजवाड्यापेक्षा ते नळ टाकणाऱ्या कारागिरांचं कौतुक जास्त वाटलं.

जेवायला ‘हुदिओनेस’ मागवा. इथल्याच मातीतले अंगठ्याएवढे पांढरे घेवडे, लोण्यासारखे मऊ शिजवलेले. त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. आणि निघण्यापूर्वी कारंज्यांचं वेळापत्रक नक्की बघा; तलावात पाणी किती आहे, त्यावर ते बदलतं.