कचऱ्यावरचा हक्क आणि हवामानाचा न्याय

पुण्यातील कचरावेचकांनी 1993 साली एकत्र येऊन ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली, तेव्हा त्यांच्या तक्रारी रोजच्या जगण्यातल्या होत्या. पोलीस आणि सोसायट्यांचे रखवालदार चोर समजून हटकत, भंगारवाला वजनात मारत असे, आणि ज्या कचराकुंडीवर पोट अवलंबून होते ती उद्या एखाद्या ठेकेदाराच्या ताब्यात जाईल अशी धास्ती कायम असे. हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हमालांच्या लढ्यातून महाराष्ट्राला 1969 चा माथाडी कायदा मिळाला होता. ज्यांना कुणी मालक नाही अशा कष्टकऱ्यांनाही संघटित होता येते, हा अनुभव पुण्याच्या गाठीशी होता. या संघटनेकडे आज आपण हवामान न्यायाची संघटना, म्हणजे तापमानवाढीचा आणि ती रोखण्याच्या उपायांचा भार गरिबांवरच पडू नये यासाठी झटणारी संघटना, म्हणून पाहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

त्यामागचे कारण कचऱ्यातच आहे. भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली असा ओला कचरा सुक्यासोबत डेपोवर जाऊन ढिगाखाली दबला, की हवेअभावी कुजतो आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापमानवाढ घडवतो, वीस वर्षांचा धरला तर 80 पटींहून अधिक. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधी, धूर आणि विहिरींचे नासलेले पाणी सोसले आणि अनेकदा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा करणारी बाई आणि डेपोशेजारी राहणारा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नसतील, पण तिच्या कामामुळे त्याच्या शिवारात जाणारा बोजा हलका होतो. सुक्या कचऱ्याचा हिशेब तर आणखी सरळ आहे, कारण भंगारातल्या ॲल्युमिनियमपासून पुन्हा ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते.

आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या मावशी फाटकाबाहेर ढकलगाडी लावून वर्गीकरण करतात. पाण्याच्या बाटलीचे टोपण वेगळ्या पिशवीत जाते, कारण ते निराळ्या प्लास्टिकचे असते. पुठ्ठा कोरडा असेल तर त्याला भाव मिळतो, भिजला की तोच पुठ्ठा भंगारवाला कमी दराने घेतो, म्हणून पावसाळ्यात त्या पुठ्ठ्यावर आधी प्लास्टिकचा कागद झाकतात आणि मग स्वतःच्या डोक्यावर. वेफर्सची चकचकीत पाकिटे हातात येतात तशी बाजूला पडतात, कारण प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेल्या त्या पाकिटांना कुणी घेत नाही. ते पाकीट कंपनीने बनवले, आम्ही रिकामे केले, आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे श्रम मात्र मावशींच्या अंगावर मोबदल्याविना पडले. आर्थिक न्याय म्हणजे काय, हे मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

पंचायतीने या श्रमांना मोल मिळवून दिले ते टप्प्याटप्प्याने. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली, पुढे आरोग्य विमा आला, आणि 2008 साली कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कराराचे मर्म असे, की घरटी सेवाशुल्क आणि भंगारावरचा हक्क दोन्ही कामगाराचे राहतात. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक मंदीमुळे भंगाराचे भाव जगभर कोसळले होते. केवळ भंगारावर जगणाऱ्या माणसाला अशा वेळी कसलाच आधार नसतो, दरमहा शुल्क मिळणाऱ्या बाईला निदान घर चालवता येते. ‘स्वच्छ’च्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, आणि अनेकींची कुटुंबे दुष्काळाने मराठवाड्यातून पुण्यात आणून सोडलेली आहेत. पाण्यावाचून गाव सोडावे लागलेल्या घरांतल्या लेकी-सुनांनी शहराचा कचरा कमी करावा आणि शहराने त्यांना हक्काचे वेतनही नाकारावे, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही.

हवामानाच्या नावाने उभे राहणारे प्रकल्प मात्र अनेकदा याच कामगारांच्या मुळावर येतात. कचरा जाळून वीज करणाऱ्या भट्टीला नीट जळणारा माल लागतो, आणि तो माल म्हणजे कागद आणि प्लास्टिक, ज्यावर कचरावेचकांची चूल पेटते. दिल्लीच्या तिमारपूर–ओखला प्रकल्पाला तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या श्रेयासाठी, नोंदणीही मिळाली, आणि तिथल्या कचरावेचकांनी व आसपासच्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. जे आधीच पुनर्वापरात जात होते ते जाळण्याला हवामानरक्षण म्हणणे मला सर्वथा गैर वाटते.

कामगारांना सोबत घेऊन बदल घडवण्याला हल्ली न्याय्य संक्रमण म्हणतात, आणि 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात त्याचा उल्लेख आहे. प्लास्टिकविषयक जागतिक कराराचा ठराव 2022 साली नैरोबीत झाला, तेव्हापासून जगभरच्या कचरावेचकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रतिनिधी आपले स्थान त्यात लिहून घेण्यासाठी वाटाघाटींना जात आहेत. ऑगस्ट 2025 मधील जिनिव्हाची फेरीही करारावाचून संपली. आपल्या देशाच्या घनकचरा नियमांनी 2016 सालीच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती, तरी कितीतरी शहरांत आजही मोठ्या गाड्यांचा ठेका आधी निघतो आणि कचरावेचकांचा विचार नंतर होतो.

पुण्यातही हा प्रश्न मिटलेला नाही. ‘स्वच्छ’चा करार 2020 च्या अखेरीस संपला तेव्हा काम खासगी ठेकेदाराकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली होती, आणि कामगारांसोबत अनेक नागरिकही त्याविरुद्ध बोलले. माझ्या मते अशा वेळी सोसायटीने लेखी ठराव करून महापालिकेला पाठवावा, कारण सेवेचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे निवडून आलेल्या माणसाला डावलणे जड जाते. पुढची मागणी जागेची आहे. एप्रिल-मेच्या उन्हात डांबरी रस्त्याच्या कडेला बसून वर्गीकरण करणे आता अंगावर बेतू लागले आहे, तेव्हा प्रत्येक प्रभागात पाणी, पंखा, स्वच्छतागृह असलेली शेड हवी आणि तिच्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. आमच्या सोसायटीने तूर्त फाटकाजवळची सावलीची जागा मावशींसाठी मोकळी करून दिली आहे. तिथे नळ बसवण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे मी मांडणार आहे.