चिंगीची वही: कंटाळा घालवायचे दहा आठवडे

आठवडा १
या आठवड्यात नवीन काही दिलं नाही, फक्त पाहिलं. चिंगी तीन वर्षांची, मध्यम चणीची, मिश्र जातीची कुत्री. मी घरी नसताना चपला फाडते आणि गादीचा कोपरा कुरतडते, एवढंच मला माहीत होतं. जुना फोन कपाटावर ठेवून तिचं चित्रीकरण केलं. दार लागलं की ती दोनेक मिनिटं तिथंच कान टवकारून उभी राहते आणि मग सरळ जाऊन झोपते, चांगली अडीच तास. उठल्यावर आळोखेपिळोखे, पाणी, खिडकीशी एक फेरी, आणि मग चप्पल.

हा क्रम पाहणं फार गरजेचं होतं. एकटं राहायच्या भीतीनं कासावीस होणारं कुत्रं सहसा पहिल्या अर्ध्या तासातच दार ओरबाडतं, लाळ गाळतं, रडतं आणि समोरच्या खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिथं खेळण्यांनी भागत नाही, पशुवैद्याला आणि वर्तनतज्ज्ञाला विचारावंच लागतं. चिंगीला भीती नव्हती. झोप पुरी झाली होती आणि करायला काही नव्हतं.

आठवडा २ आणि ३
सकाळचं वाडग्यातलं खाणं निम्मं केलं. उरलेलं निम्मं तिनं शोधून खायचं. १९६३ साली संशोधक ग्लेन जेन्सन यांना उंदरांमध्ये एक गोष्ट दिसली होती: आयतं खाणं शेजारी असतानाही ते कळ दाबून खाणं मिळवत होते. सगळी कुत्री तितकी हौशी नसतात, पण चिंगीला हे आवडेल असं वाटलं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. सरकत्या झाकणांचं कोडं तिच्यापुढे ठेवलं. चार मिनिटं पंजा मारला, मग ती माझ्याकडे बघून भुंकली आणि उठून गेली. नंतर दोन दिवस ती त्या वस्तूच्या जवळही फिरकली नाही. म्हणून ते बाजूला ठेवून जुना टॉवेल काढला. आधी पसरलेल्या टॉवेलवर तिच्या खाण्याचे दाणे टाकले, दोन दिवसांनी एक घडी, मग सैल गुंडाळी, मग ती गुंडाळी खोक्यात. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी खोकं उलगडायला तिला अकरा मिनिटं लागली आणि त्यानंतर ती पाय ताणून झोपली. मला ही झोप फिरून आल्यानंतरच्या झोपेपेक्षा गाढ वाटते.

आठवडा ४
फिरण्याची पद्धत बदलली. अंतर कमी, पट्टा लांब, आणि ती जिथं हुंगेल तिथं मी थांबायचं. एका झुडपापाशी सहा मिनिटं गेली. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली कुत्र्यांच्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटानं दोन आठवडे वासावरून वस्तू शोधली, दुसऱ्यानं मालकाच्या पायाशी चालायचा सराव केला. नंतर खाणं असेल की नाही याची खात्री नसलेल्या जागी वाडगं ठेवलं, तेव्हा वास शोधणारी कुत्री आधीपेक्षा लवकर तिकडे गेली. म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल अशी त्यांची अपेक्षा वाढली होती. मला हा निष्कर्ष मनापासून पटतो, कारण चिंगीची शेपूट मी रोज बघतो.

आठवडा ५ आणि ६
खेळणी बारा, वापरात दोन. बाकीची सगळी टोपलीत बंद. पुलेन, मेरिल आणि ब्रॅडशॉ यांच्या २०१२ च्या अभ्यासात केनेलमधली (श्वानगृहातली) कुत्री तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिल्यावर त्याला कंटाळली, पण वास आणि रंग बदललेलं खेळणं येताच परत खेळू लागली. त्यामुळे नवीन विकत घेण्याआधी मी जुनीच धुऊन, किंवा माझ्या वापरलेल्या कपड्यात रात्रभर गुंडाळून देतो. फरक लगेच दिसतो.

आठवडा ७
दोरीच्या खेळण्याचे धागे तिच्या दातांत सापडले. ते तत्काळ काढून टाकलं. धागा गिळला तर आतडं गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. आता तसलं काही ती एकटी असताना मिळत नाही, आणि खोक्यांच्याही पिना व चिकटपट्टी आधी काढतो. लेझरचा ठिपका मी कधीच वापरला नाही. ज्याला कधीच पकडता येत नाही त्यामागे धावण्यातून काही कुत्र्यांना सावल्यांमागे धावायचा नाद लागतो.

आठवडा १०
पहिल्या आठवड्यात पाच वेळा काही ना काही फाडलं गेलं होतं. गेल्या तीन आठवड्यांत एकदाच, तेही मी खोकं ठेवायला विसरलो त्या दिवशी. खोक्यातलं खाणं दिवसाच्या मापातूनच काढतो, त्यामुळे वजन जसंच्या तसं आहे.

संध्याकाळ मात्र अजून सुटलेली नाही. मी घरी असतो, तरी ती तासभर माझ्यामागे घुटमळत राहते. त्या वेळी खाण्यापेक्षा तिला माझा सहवास हवा असावा, असं चित्रीकरण पाहून वाटतं. सोमवारपासून तेव्हा दहा मिनिटं वस्तूंची नावं शिकवणार आहे. चेंडू आणि मोजा, सध्या दोनच. दोन्ही ओळखता येईपर्यंत तिसरी वस्तू नाही.