कॉफी चोळलेला स्टेक: रंगावर जाऊ नका

पहिल्यांदा कॉफीचा रब (म्हणजे मांसाला चोळायचा कोरडा मसाला) लावून स्टेक केला तेव्हा तो दिसायला इतका सुंदर झाला होता की वाढायच्या आधी दोन मिनिटं मी नुसती बघत उभी होते. गडद तपकिरी, कडेची चरबी सोनेरी झालेली, वर मसाल्याचा जाड खरपूस थर. आणि पहिला घास घेतला तर कडू! जिभेच्या मागे जाऊन बसणारा कडूपणा, पाणी प्यायलं तरी जाईना. आतलं मांस अगदी हवं तसं गुलाबी आणि मऊ झालेलं, पण वरचा सगळा थर सुरीने खरवडून टाकावा लागला. फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण चांगले जाडजूड दोन तुकडे होते आणि मसाल्यात काही चुकलं नव्हतं, चूक तव्यावर झाली होती.

त्यानंतर हा स्टेक इतक्या वेळा केलाय की आता घरात त्याचीच फर्माईश असते, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, कॉफी लावलेल्या स्टेकच्या रंगावर जायचं नाही. साधा मीठ-मिरीचा स्टेक तव्यावर टाकला की तो रंग बदलताना डोळ्यांना दिसतो, बरोबर तपकिरी झाला की आपण उलटतो. हा तर कच्चा असतानाच तपकिरी असतो! नीट भाजलेला आणि करपलेला यात दिसायला फारसा फरकच नसतो, त्यामुळे इथे नाक आणि थर्मामीटर या दोनच गोष्टींच्या भरवशावर काम करायचं.

आता कॉफीच का, तर त्याचं कारण मला खूप आवडतं. स्टेकवर तो जो तपकिरी खरपूस थर येतो तो मेलार्ड रिअ‍ॅक्शनमुळे, म्हणजे प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा उष्णतेने एकमेकांशी जोडल्या जाऊन शेकडो नवीन चवी आणि वास तयार होतात (लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याबद्दल पहिल्यांदा लिहिलं). कॉफीची हिरवी बी भाजताना होतं तेही बऱ्याच अंशी हेच. म्हणजे मांस आणि कॉफी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी, पण भाजल्यावर दोघींच्या वासात सारखीच मंडळी सापडतात, पायराझिन्स, फ्युरान्स अशी वास देणारी संयुगं आहेत, आणि ताज्या कॉफीला तिचा ओळखीचा वास देणारं फरफ्युरिलथायॉल नावाचं जे गंधकयुक्त संयुग आहे ते भाजलेल्या बीफमध्येही असतं. त्यामुळे कॉफी स्टेकवर परकी वाटत नाही, मांसाची भाजकी चवच अजून खोल करते. माझी ताई कॉफीला हात लावत नाही, वाससुद्धा नको म्हणते, तिने अख्खा तुकडा संपवून मला विचारलं की यात काय घातलंयस, कोको आहे का. कॉफी म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना.

पण याचीच दुसरी बाजू अशी की कॉफी आधीच भाजून झालेली असते, साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन आलेली. तिला अजून फारसं भाजायला वावच उरलेला नसतो. आपण मात्र धूर निघणाऱ्या तव्यावर तिला परत चार-पाच मिनिटं ठेवतो आणि मग ती कोळसा होते. वर रबमध्ये साखर असेल तर तीही जळून कडू होते. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं, कारण डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं ना, की तवा लालबुंद तापवला की मांसाचा रस आत बंद होतो. हे खरं नाही! १८४७ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तसं मांडलं आणि ते घराघरात पोचलं, पण तव्यावर स्टेक शेवटपर्यंत चरचरत असतो तो आवाजच मुळी बाहेर येणाऱ्या पाण्याचा असतो, बंद झालं असतं तर आवाज थांबला असता. खरपूस थर चवीसाठी हवा, रस अडवायला नाही, हे एकदा पटलं की आच कमी करायला हात कचरत नाही.

कॉफी कुठली घ्यायची? साधी दळलेली फिल्टर कॉफी, मध्यम ते जरा गडद भाजलेली. एकदम काळी, तेलकट चमकणारी कॉफी मी आता घेत नाही, ती आधीच करपण्याच्या काठावर असते. दळण बारीक हवं, एस्प्रेसोला वापरतात तसं, जाडसर असेल तर दाताखाली वाळू आल्यासारखी कचकच लागते आणि ते फार वाईट लागतं. इन्स्टंट कॉफी नको, ती मांसाच्या ओलाव्यात विरघळून चिकट लगदा होतो. चिकोरी मिसळलेली पावडरही मी टाळते, तिचा स्वतःचा वेगळा कडूपणा असतो. आणि कॉफी करून उरलेला चोथा वापरायचा मोह होतो पण त्यातली चव तुम्ही आधीच पिऊन टाकलेली असते, उरतो तो ओला भुसा.

माझं प्रमाण प्रत्येकी साधारण ४०० ग्रॅमच्या दोन स्टेकसाठी असं आहे: १ टेबलस्पून कॉफी, २ टीस्पून स्मोक्ड पाप्रिका, १ टीस्पून जाडसर कुटलेली मिरी, १ टीस्पून ब्राऊन शुगर, आणि लसूण पावडर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, धणेपूड प्रत्येकी अर्धा टीस्पून. कधीकधी पाव चमचा मोहरीची पूड घालते, तिने छान झणका येतो. साखर यापेक्षा वाढवू नका प्लीज, बऱ्याच ठिकाणी कॉफीइतकीच साखर सांगतात पण ते तासन् तास मंद भाजायच्या मोठ्या तुकड्यांसाठी ठीक आहे, तव्यावर ती जळणारच. तिखट हवं असेल तर मिरची पूड घाला, पण अगदी बारीक पूड लवकर करपते हे लक्षात ठेवा.

यात मीठ नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मीठ मी वेगळं आणि आधी लावते, मांसाच्या वजनाच्या १ टक्का, म्हणजे ८०० ग्रॅमला ८ ग्रॅम, बारीक मीठ असेल तर सव्वा ते दीड टीस्पून. शक्य असेल तर आदल्या रात्रीच लावून स्टेक जाळीवर उघडाच फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मीठ लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी सुटतं, वर थेंब थेंब दिसतात, आणि त्याच वेळी तव्यावर टाकला तर स्टेक भाजला न जाता वाफवला जातो. थोडा धीर धरला की ते खारं पाणी हळूहळू परत आत जातं. रात्रभर ठेवलेल्या स्टेकला सकाळी बोट लावून बघा, कोरडा आणि किंचित चिकट लागतो, रंगही गडद झालेला असतो, तो तसाच हवा. रबमधले बाकीचे मसाले मात्र रात्रभर ठेवले तरी आत शिरत नाहीत, ते वरच राहतात, आत जातं ते मीठच. म्हणून रब अगदी भाजायच्या आधी लावायचा. कॉफीने मांस मऊ होतं असंही ऐकलंय मी बऱ्याच जणांकडून, पण कोरड्या रबने तसं काही होत नाही, मऊपणा तुकड्यावर आणि किती शिजवला त्यावर असतो.

तुकडा जाड घ्या, ३ ते ४ सेंटिमीटर. रिबआय (बरगड्यांजवळचा) किंवा स्ट्रिप (कमरेकडचा) हे तुकडे मला जास्त आवडतात कारण चरबी कॉफीचा कडवटपणा मऊ करते.

भाजायची पद्धत मी उलटी करून टाकलीय. आधी ओव्हन आणि मग तवा. ओव्हन १२० अंशावर, स्टेक टिश्यूने टिपून घ्यायचा, अगदी थोडं तेल चोळायचं आणि रब सगळीकडून, कडांनाही, भुरभुरून तळहाताने नुसता दाबायचा. घासायचा नाही, घासला की त्याचे गोळे होतात. जाळीवर ठेवून मधोमध थर्मामीटर खुपसून ठेवायचा आणि आत ४८ अंश होईपर्यंत थांबायचं, जाडीप्रमाणे २५ ते ४० मिनिटं लागतात. एवढ्या मंद आचेवर कॉफी करपत नाही, उलट रब सुकून मांसाला घट्ट चिकटून बसतो. आणि पृष्ठभाग कोरडा झालेला असल्यामुळे नंतर तव्यावर फार थोडा वेळ पुरतो, पाणी असलं की ते उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशाच्या वर जातच नाही आणि खरपूसपणा तर १४० च्या पुढे नीट यायला लागतो.

मग बिडाचा तवा, मध्यमपेक्षा जरा मोठी आच, रिफाइंड तेल एक चमचा. तेल लाटेसारखं हलायला लागलं की स्टेक टाकायचा, धूर निघायची वाट बघायची नाही. इथे खरा खेळ नाकाचा आहे. टाकल्या टाकल्या ताजी कॉफी दळल्यासारखा वास येतो, वीस-तीस सेकंदांत तो बदलून भाजलेले दाणे, थोडं चॉकलेट, जिरं असा गोडसर खमंग होतो, आणि तेव्हाच उलटायचं. तुम्ही तिथे अजून थांबलात तर वास एकदम टोकदार होतो, करपलेल्या टोस्टसारखा, आणि घशाला ठसका लागतो. ठसका लागला म्हणजे उशीर झाला. मी प्रत्येक बाजूला एकूण ४५ सेकंद ते १ मिनिट देते, मध्ये एकदा-दोनदा उलटून, मग चिमट्याने उभा धरून चरबीची कड अर्धा मिनिट. तव्यात पडलेला सुटा रब काळा होत असतो, तो टिश्यू चिमट्यात धरून पुसून घ्यायचा आणि मगच लोणी टाकायचं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात, ठेचलेल्या लसणीच्या पाकळीबरोबर. लोणी आधी टाकलं तर त्यातले दुधाचे कण करपतात आणि परत तोच कडूपणा. आणि हो, या तव्यातल्या उरलेल्या खरवडीचा सॉस करू नका, इतर वेळी ती सोन्यासारखी असते पण इथे नाही.

आत ५४-५५ अंश झाले की मी काढते, मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे, घरात लहान मूल, वयस्कर किंवा गरोदर बाई असेल तर मी त्यांचा तुकडा तेवढाच करते, त्यात तडजोड नाही.

ओव्हन नसेल तर? मध्यम आचेवर तव्यावरच, पण दर ३० सेकंदांनी उलटत राहायचं. एकदाच उलटायचा हा नियम मी या स्टेकसाठी पूर्ण सोडून दिलाय. सारखा उलटला की कुठलीच बाजू फार तापत नाही, आतून एकसारखा शिजतो आणि रबही वाचतो. यात साखर अजिबात घालू नका आणि जाड स्टेकला ८ ते १० मिनिटं धरा, आणि इथे आच नंतरही आत सरकत राहते म्हणून ५१-५२ वरच उतरवा.

काढल्यावर ओव्हनवाल्याला विश्रांतीची तीन-चार मिनिटं पुरतात, नुसत्या तव्यावर केलेल्याला आठ तरी द्या. पातेल्याने झाकू नका, वाफेने तो सगळा खरपूस थर ओला होतो आणि कॉफी अक्षरशः वाहायला लागते. कापताना धाग्यांना आडवं कापायचं. ताटात लाल पाणी येतं ते रक्त नाही, मायोग्लोबिन (मांसातलं लाल प्रथिन) मिसळलेलं पाणी आहे, ताईला हे दर वेळी सांगावं लागतं. आणि वरून थोडं जाड मीठ, लिंबाचे दोन थेंब. लिंबू मी नंतर कधीतरी सहज पिळून बघितलं आणि आता त्याच्याशिवाय करत नाही, आंबटपणाने कॉफीची चव एकदम उजळते.

रात्री खाल्ला तर झोप उडेल का हा प्रश्न हमखास येतो. एक टेबलस्पून म्हणजे साधारण ५ ग्रॅम कॉफी, अरेबिकात वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफीन असतं, म्हणजे दोन स्टेकमध्ये मिळून ६० मिलिग्रॅम, एकात ३०, त्यातलाही थोडा रब तव्यात राहतो. एका मग कॉफीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. मला काही होत नाही पण ज्यांना संध्याकाळची कॉफी बाधते त्यांनी दुपारी करावा.

उरलाच तर परत गरम करू नका, थर मऊ पडतो आणि कडवटपणा वर येतो. मी दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून थंडच, अगदी पातळ काप करून ब्रेडमध्ये घालते, सोबत मोहरीची पेस्ट आणि कच्चा कांदा.