सोलापूरमार्गे आयर्न मेडन

गाडी सोलापूर स्टेशनात शिरायच्या आत मी शर्टाची सगळी बटणं लावून घेतली. अगदी गळ्यापर्यंत. आत काळा टी-शर्ट होता आणि त्यावर एडी, आयर्न मेडन बँडच्या चित्रांतलं भूत: सुकलेल्या मढ्यासारखं तोंड, विस्कटलेले पांढरे केस, दात विचकलेले. तो बाबांना दिसला असता तर संपलंच. घरी सांगितलं होतं, बंगळुरात इंटरव्ह्यू आहे.

१६ मार्च २००७, शुक्रवार. दुपारी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस धरली होती. तेव्हा पुण्याच्या पुढे विजेच्या तारा नव्हत्या. तिथे इंजिन बदलायचं, डिझेलचं लागायचं आणि दौंड सुटलं की खिडकीतून येणाऱ्या धुळीला त्याचा वास यायचा. आम्ही तिघं होतो: मी, माझा रूममेट आणि कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा एक जण, जो पुण्यापासून कुर्डुवाडीपर्यंत वरच्या बर्थच्या साखळीवर बोटांनी ठेका धरून होता. समोरच्या आजोबांनी शेवटी त्याला विचारलं, "बाळ, तब्येत बरी आहे ना?"

सोलापूरला आई-बाबा दोघंही फलाटावर. आईच्या हातात डबा: कडक भाकरी, शेंगाचटणी, वर चार शेंगापोळ्या. बाबांचा पहिलाच प्रश्न, "फाइल घेतलीस का?" घेतली होती. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, म्हणून मार्कशीटच्या झेरॉक्ससकट घेतली होती. त्या झेरॉक्सच्या मधोमध कॉन्सर्टचं तिकीट ठेवलं होतं, चुरगळू नये म्हणून. बाबांनी खिडकीतून हात घालून फाइलवर दोनदा थोपटलं. मला घाम फुटला. आई म्हणाली, "एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटण कशाला लावलंस रे?"

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आयर्न मेडन हा १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या बेसवादकाने काढलेला बँड. गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आला, मधे काही वर्षं सोडून गेला आणि १९९९ मध्ये परतला. त्याच्यासोबत गिटारवाला एड्रियन स्मिथही परतला, पण त्याच्या जागी आलेल्याला कुणी काढलं नाही. तेव्हापासून तीन-तीन गिटार. बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर, म्हणजे आमच्या कॉन्सर्टच्याच मैदानावर, पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स वाजवून गेला होता, रोलिंग स्टोन्सही. पण हेवी मेटल या दणकेबाज रॉकमधलं एवढं मोठं नाव आपल्याकडे पहिल्यांदाच येत होतं. पुन्हा कधी येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. (दहा-अकरा महिन्यांत, १ फेब्रुवारी २००८ ला, ते मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात आले. तेही ब्रूसने स्वतः चालवत आणलेल्या विमानातून. पुण्याहून तीन-चार तासांवर. यावरून रूममेट मला अजून टोमणे मारतो, कारण बंगळूरची आयडिया माझी होती.)

मी हा बँड ऐकायला लागलो ते सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कॅसेटच्या दुकानातून. दुकानदाराने ती कॅसेट 'इंग्लिश डिस्को'च्या खणात ठेवली होती. तिथून पुढची पाच-सहा वर्षं मी हे संगीत बहुतेक एकट्यानेच ऐकलं, हेडफोन लावून, घरातली निजल्यावर. सोलापुरात दुसरं कुणी ऐकत असेलही. मला भेटलं नाही.

शनिवारी सकाळी बंगळूर. मॅजेस्टिकजवळच्या लॉजवर सामान टाकलं. लॉजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ढेकूण सोडून. खाली हॉटेलात चौचौभात खाल्ला. एकाच बशीत तिखट खाराभात, म्हणजे उपमाच, आणि त्याला चिकटून केशरी गोड शिरा. कॉफी 'बाय टू' सांगितली, म्हणजे एकीची दोघांत. शेजारच्या टेबलावर चार काळे टी-शर्ट बसले होते. चौघेही गुवाहाटीकडून आलेले, पाठीवर तीन दिवसांचा रेल्वेप्रवास. आम्ही वीस-एकवीस तासांच्या प्रवासाबद्दल कुरकुरत होतो ते तिथेच बंद केलं. त्यांच्यातल्या एकाने माझ्या बंद शर्टाकडे बघून भुवई उंचावली. तेव्हा कुठे मला आठवलं की सोलापूर मागे पडून पंधरा-सोळा तास झाले. बटणं काढली.

मेखरी सर्कलच्या बाजूने चालत गेलो. रांग भिंतीला लागून कुठवर गेली होती ते दिसतच नव्हतं. मल्याळी, तमिळ, खासी, बंगाली, सगळ्या भाषा कानावर येत होत्या आणि मधूनच एखादं "चल ना भाऊ". दारावर सुरक्षावाल्यांनी खिळ्यांचे पट्टे काढून घेतले, पाण्याच्या बाटल्यांची बुचं काढून घेतली. बुचं का, ते आजतागायत कळलेलं नाही. आत गेल्यावर पायाखाली माती. तांबडी, पिठासारखी. हजारो पावलांनी ती उडायला लागली आणि ऊन उतरायच्या आत सगळ्यांच्या बुटांचा रंग एक झाला.

आधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजवून गेला. मग लॉरेन हॅरिस, म्हणजे स्टीव्हची मुलगी. परिक्रमा चांगलेच वाजले. पुढे त्याच वर्षी ते इंग्लंडला डाउनलोड या रॉक महोत्सवात वाजवून आले. पण खरं सांगतो, तेव्हा आमचं लक्ष नव्हतं. आम्ही एका टेपची वाट बघत होतो. मेडनचा नेम आहे, मंचावर यायच्या आधी यूएफओ या जुन्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' स्पीकरवर लागतं. ते लागलं की समजायचं, पुढचं गाणं यांचं. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. ते गाणं सुरू झालं, अजून मंचावर काळं कुत्रं नव्हतं, आणि अख्खं मैदान ओरडायला लागलं. पाच-सहा वर्षं मला वाटत होतं की असल्या बारीकसारीक गोष्टी मलाच माहीत आहेत.

पुढचे पावणेदोन-दोन तास मी काय पाहिलं? माझी उंची पाच फूट चार इंच. मी मुख्यतः एका दणकट माणसाची पाठ पाहिली. त्याच्या टी-शर्टवर मेडनच्या जुन्या दौऱ्यातल्या गावांची यादी होती, ती मला अजून निम्मी पाठ आहे. तो उडी मारून खाली आला की तेवढ्या फटीतून मंच दिसायचा: स्टीव्ह हॅरिस एक पाय समोरच्या स्पीकरवर टेकवून बेस बंदुकीसारखा गर्दीवर रोखतोय आणि स्वतः न गाता प्रत्येक शब्द ओठांनी म्हणतोय. यॅनिक गर्स गिटार गळ्याभोवती फिरवतोय, वाजवतो कधी देव जाणे. निको मॅकब्रेन ड्रमच्या ढिगाऱ्यामागे गडप. ब्रूस डिकिन्सन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत, उड्या मारत गात होता. सूर हलत नव्हता. आमच्या ड्रमरला नुसतं उभं राहून धाप लागली होती. नवा अल्बम युद्धावरचा, त्यामुळे सगळा थाट लष्करी आणि फौजी वेशातला एडी. दिसायला कमी दिसलं, पण बेस पोटात वाजत होता. हातातली बिनबुचाची बाटली आपोआप थरथरत होती.

'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं. या गाण्याच्या आरंभी गिटारचा एक सूर आहे, त्याला शब्द नाहीत. जगभर लोक तो तोंडाने म्हणतात, हे मी लाइव्ह कॅसेटवर ऐकलं होतं. पण आपल्याकडे म्हणतील का, ही शंका होती. म्हटला. सगळ्यांनी. समोरची दणकट पाठ म्हणत होती, गुवाहाटीवाले कुठेतरी म्हणत असतील, रूममेट बेसूर म्हणत होता. मी घरी हा सूर फक्त मनात म्हटलेला, आई शेजारच्या खोलीत झोपलेली असायची म्हणून. मोठ्याने म्हणायचा तर तोंडाचा आकार कसा करायचा, हेही मला माहीत नव्हतं. पहिल्या आवर्तनाला आवाज फुटला नाही. दुसऱ्याला फुटला, आणि मग तो मी इतका वापरला की शेवटचं 'हॅलोड बी दाय नेम' येईपर्यंत घशातून नुसती हवा येत होती.

संपल्यावर स्पीकरवर मॉन्टी पायथन या इंग्लिश विनोदी मंडळींचं ते गमतीचं शीळवालं गाणं लागलं. हाही त्यांचा नेमच. तांबड्या धुळीने माखलेली हजारो पोरं शीळ घालत दाराकडे निघाली. बाहेर रिक्षावाला म्हणाला, वन अँड हाफ, म्हणजे मीटरच्या दीडपट. दुसरा म्हणाला, डबल. आम्ही मॅजेस्टिकपर्यंत चालत आलो.

रविवारी संध्याकाळची उद्यान. सोमवारी सकाळी जाग आली ती गाडी थांबल्यावर, फलाटावर "गरम चाय" ऐकून. खिडकीत बाबा. आई नव्हती, तिने डबा पाठवला होता. मी काहीतरी बोललो, पण आवाजच आला नाही.

"आवाज कुठं गेला बे?"

मी खुणेनेच सांगितलं: एसी होता, थंडी बाधली. बाबांनी मान डोलावली. मग त्यांची नजर बर्थखालच्या बुटांवर गेली. दोन्ही बूट तांबडेलाल. तिथून ती हळूहळू वर आली आणि माझ्या छातीवर थांबली. शर्ट उशाला होता. एडी दात विचकून त्यांच्याकडे बघत होता. ते दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

सिग्नल झाला. बाबांनी डबा आत सरकवला.

"तिकीट केवढ्याचं होतं?"

"रेल्वेचं?" मी कसंबसं घोगरलो.

"रेल्वेचं मला माहितंय," बाबा म्हणाले. गाडी हलली.