निवृत्तीनंतरच्या घरासाठी नागपूर : मे महिन्यातील पाहणीचा वृत्तांत

निवृत्तीनंतर ठाणे सोडायचे आणि जिथे मराठीत व्यवहार होतो, मोठी रुग्णालये हाताशी आहेत व खर्च निवृत्तिवेतनात बसतो अशा शहरात राहायचे, असे आम्हा पती-पत्नींचे ठरल्यावर नागपूरचे नाव पुढे आले. परिचितांनी डिसेंबरात जाण्याचा सल्ला दिला. परंतु त्या महिन्यातील आल्हाददायक थंडीत घराचे दोष दिसत नाहीत आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे हॉटेलच्या खोल्याही महाग होतात. ज्या ऋतूला घाबरून लोक नागपूर नाकारतात त्याच ऋतूत ते पाहावे, या विचाराने आम्ही मे महिन्याच्या उत्तरार्धात गेलो.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. तरीही उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवरून दिवसभर गाडी हाकण्यापेक्षा ज्येष्ठांनी मुंबईहून रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस घ्यावी, असे माझे मत आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्टीच्या काळात ते लवकर संपते, म्हणून तारीख आधीच ठरवून ठेवावी.

नागपूरच्या उन्हाबद्दल कितीही ऐकले असले, तरी ते घराच्या आत शिरून अनुभवणे वेगळे असते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. आम्ही घरे पाहण्यासाठी मुद्दाम दुपारी तीनची वेळ मागत असू. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकांमध्ये स्लॅबची धग रात्रीपर्यंत उतरत नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून झोपण्याची खोली असेल तर त्या भिंतीला हात लावताच निर्णय होतो. मधला मजला, पूर्व किंवा उत्तरेकडे उघडणारी खोली आणि कूलर बसवण्यासाठी मजबूत स्टँड असलेली खिडकी, या तीन गोष्टींसाठी थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी द्यावे. येथील कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम देतो आणि एसीच्या तुलनेत विजेचे बिल बरेच कमी येते; मात्र पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग उरत नाही, आणि त्याच्या टाकीला रोज भरपूर पाणी लागते.

त्यामुळेच पाण्याची चौकशी सर्वांत आधी करावी लागते. शहराला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून पाणी मिळते, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर वाढलेल्या बेसा, बेलतरोडीसारख्या भागांत अनेक फ्लॅट स्कीम बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून आहेत. तेथील नव्या इमारती देखण्या आहेत, लिफ्ट आहे, पार्किंग आहे आणि किंमतही मोहात पाडणारी आहे. तरीही मे महिन्यात टँकर किती वेळा येतो आणि त्याचा खर्च मासिक देखभाल शुल्कात धरलेला आहे का, हे बिल्डरला न विचारता जिन्यात भेटणाऱ्या रहिवाशाला विचारावे.

दुसरी बाजू पावसाळ्याची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदीला पूर आला आणि काठच्या चांगल्या वस्त्यांमधील तळमजल्यांत पाणी शिरले. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून काही ठिकाणी रस्त्याची पातळी जुन्या घरांच्या जोत्याहून वर गेली आहे, म्हणून तळमजला पाहताना आधी रस्ता आणि उंबरठा यांच्या उंचीतील फरक पाहावा. बजाजनगरच्या एका बागेत सकाळी बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना आम्ही याबद्दल विचारले, तेव्हा त्यांतील एक आजोबा माझ्या पत्नीला म्हणाले, "ताई, एक पावसाळा इथं भाड्यानं काढा, मग पैसे द्या बाप्पा." संपूर्ण पाहणीत मिळालेला हा सर्वांत मोलाचा सल्ला आहे, असे मला वाटते.

वस्त्यांपैकी धरमपेठ आणि रामदासपेठ यांचे दर चढे आहेत. महाल आणि इतवारी येथे राहणे स्वस्त आहे आणि शेजारही जिव्हाळ्याचा आहे. पण अरुंद गल्लीत रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का, याची शंका वाटते. आमचे मन लक्ष्मीनगर आणि बजाजनगर या पट्ट्यात रमले. तेथे झाडे आहेत, किराणा आणि औषधांची दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, गोकुळपेठेचा भाजीबाजार दूर नाही आणि शंकरनगर चौकातून मेट्रोच्या ॲक्वा मार्गाने सीताबर्डी व रेल्वे स्थानक दोन्ही गाठता येतात. आम्हाला सांगितलेले भाडे ठाण्यातील तेवढ्याच सदनिकेच्या निम्म्याहून कमी होते. खर्च आणखी कमी ठेवायचा असेल तर त्रिमूर्तीनगर आणि खामला हे भाग आवर्जून पाहावेत.

खासगी रुग्णालये धंतोली आणि रामदासपेठेत दाटीने आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे 'मेडिकल', शहरातच आहे आणि एम्स विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या परिसरात आहे. एम्ससाठी मेट्रोच्या ऑरेंज मार्गाने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो करावा लागतो. ते अंतर एकदा स्वतः कापून पाहावे, कारण आजारपणात हाच प्रवास वारंवार घडतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी शहरात सीजीएचएस या केंद्रीय आरोग्य योजनेची केंद्रे आहेत. ७० वर्षांवरील प्रत्येकाला मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना या सरकारी आरोग्य कार्डावर निवडलेले रुग्णालय उपचार देते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फुटाळा तलावाच्या काठी किंवा सेमिनरी हिल्सवर फिरता येते, आणि नाटक-संगीताची आवड असलेल्यांना वसंतराव देशपांडे सभागृह व रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह आहे. रामटेक किंवा सेवाग्राम एका दिवसात पाहून परतता येते. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना तिकीट लागत नाही, तर ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना निम्मे भाडे पडते.

घर विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. नागपुरात अनेक ले-आऊट गुंठेवारी कायद्याखाली, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट अधिकृत करण्याच्या कायद्याखाली, नियमित झालेले आहेत, त्यामुळे प्लॉटचे नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरण पत्र, ज्याला येथे सर्वजण 'आर. एल.' म्हणतात, आणि मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. नव्या स्कीमचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि जुन्या घराच्या मालकीहक्काचा मागील शोध स्थानिक वकिलाकडून करून घ्यावा. आम्ही मात्र ठाण्यातील घर तूर्त न विकता, जूनपासून बजाजनगरात दुसऱ्या मजल्यावरील सदनिका अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर घेतली आहे. त्यात पावसाळा, हिवाळा आणि पुढचा एप्रिल असे सर्व ऋतू येतात.