उन्हात टिकणारं नाव

मंगळवार, जळगाव

ताईंच्या इंटिरिअर स्टुडिओच्या नावाची अक्षरं आज पक्की झाली. आता झोप यायची नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

इंटिरिअरवाल्यांची ओळख, म्हणजे लोगो, पाटी, कार्ड, हल्ली सगळीकडे सारखीच दिसते. फिकट बेज रंग, बारीक इंग्रजी अक्षरं आणि वर एखादा दिवा नाहीतर खुर्ची. मला त्यात कुणाचंच घर दिसत नाही. म्हणून ताईंची ओळख घडवायचं काम हातात घेतल्यावर कॉम्प्युटर उघडायच्या आधी मी ताईंबरोबर साइटवर जायला लागले. त्या नव्या घरात शिरल्या की आधी पश्चिमेची भिंत शोधतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात दुपारी तीननंतर त्या भिंतीमागच्या खोलीत कोण बसणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग स्वयंपाकघर. खापरावरचे मांडे घरात होतात की मागच्या अंगणात? कुरडया-पापड कुठल्या गच्चीवर वाळतात आणि पावसाचं लक्षण दिसलं की ते आत कुठे आणता? लॅमिनेटचं कॅटलॉग या सगळ्यानंतर उघडतं.

हे विचारणं हीच त्यांची ओळख आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे मी आधी लोगो काढलाच नाही, घरातल्या सवयी लिहून घ्यायचा एक कागद तयार केला. गिऱ्हाइकाच्या हातात स्टुडिओची म्हणून पडणारी पहिली वस्तू तीच. व्हिजिटिंग कार्ड नंतर.

चिन्ह ठेवायचं नाही हे लवकर ठरलं. अक्षरंच पुरेत, आणि तीही देवनागरी. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून पाटीवर मराठी आधी लागतं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. तरी बहुतेक ठिकाणी आधी इंग्रजी लोगो बनतो आणि मराठी नाव मागाहून कुठल्यातरी फुकट फाँटात कोंबलं जातं. मला ते बघवत नाही. ताईंच्या वडिलांची लाकडाची वखार होती. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मिस्तरीले वाचता येवाले पाहिजे." माझं पुढचं सगळं काम या एका वाक्यावर झालं.

कारण स्टुडिओचं नाव सर्वांत जास्त वेळा मिस्तरीच्याच डोळ्यांखालून जातं. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-तपशिलाची चौकट, तो रोज बघतो. त्या कागदाची झेरॉक्स होते, झेरॉक्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, भुश्यात पडलेला कागद घामाच्या हाताने उचलला जातो. तेवढ्यातून जे वाचता येईल तेच अक्षर खरं. मी प्रत्येक पर्याय झेरॉक्सची झेरॉक्स काढून तपासला. बारीक उभ्या रेघांचे सुंदर पर्याय तिथेच गळाले.

गुरुवार

पत्रा कापणाऱ्याकडे दुपार गेली. देवनागरी शब्द लोखंडी पत्र्यातून कापला की शिरोरेषेमुळे तो एकसंध राहतो. काना, वेलांटी, उकार सगळं एकमेकांना धरून असतं. इंग्रजी अक्षरं मात्र एकेक करून ठोकावी लागतात. आमची अडचण फक्त अनुस्वाराची, कारण तो ठिपका सुटा पडतो. त्याला मागून स्वतंत्र खिळा द्यायचं ठरलं. प्लायच्या नमुना-पेट्यांवर नाव उमटवायला स्टेन्सिल हवं होतं, तिथे उलटं झालं. 'ब', 'व'ची पोटं कापली की गळून पडतात, म्हणून त्यांना बारीक पूल ठेवावे लागले. ते पूल मला इतके आवडले की मोठ्या पाटीतही तसेच ठेवले.

रंगावर ताई आणि मी बरंच बोललो. आपल्याकडच्या उन्हात छापील फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो आणि पाटी निळसर होऊन बसते, हे गावात फिरताना कुणालाही दिसेल. इथून ६० किलोमीटरच्या आसपास अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना वापरला. मातीतले आणि दगडातले हे रंग शतकं टिकले. लेण्यांतला अंधार त्यांच्या मदतीला होता हे खरं, पण गेरूतला लोहाचा तांबडा उघड्या उन्हातही सहज फिका पडत नाही. म्हणून पाटीला तोच तांबडा पावडर कोटिंगमध्ये (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवतात तसा), मागे चुन्याची पांढरी भिंत आणि कागदावर काजळीसारखा काळा. चौथा रंग नाही. सोनेरी फॉइलचा आग्रह छपाईवाल्याने धरला होता, तो ताईंनीच मोडून काढला.

अक्षरं भिंतीपासून इंचभर पुढे बसवायची. भिंत पूर्वेची आहे, सकाळी सावली पडेल आणि नाव लांबूनही उठून दिसेल.

एक गोष्ट नातेवाइकांना पटत नाही. नावाखाली 'आर्किटेक्ट' लिहिलं तर वजन येईल, असं त्यांचं म्हणणं. ताईंचं शिक्षण इंटिरिअरचं आहे, आणि १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय तो शब्द लावता येत नाही. ताई म्हणाल्या, "मी जे करते तेच लिही." पाटीवर 'घरांची आतली रचना' एवढंच येईल.

ट्रेडमार्कचा अर्ज ४२ व्या वर्गात जाईल, इंटिरिअर डिझाइनची सेवा त्यातच मोडते. अर्ज देवनागरी शब्दाचा करायचा आणि नोंदणी झाली की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची निश्चिंती. शनिवारी पत्रा कापून मिळेल. त्याआधी सवयींच्या कागदात एक प्रश्न घालायचा राहिला आहे, ताईंनी आज फोनवर सांगितला: उन्हाळ्यात कूलर कुठल्या खिडकीला लावता आणि त्यात पाणी कोण भरतं?